भाकरी एक, उसळ दोन वाट्या

कमी कर्बोदकांचा आहार म्हटलं की डोळ्यांपुढे बदाम, पनीर, ॲव्होकॅडो आणि ऑलिव्ह तेलाची बाटली येते, आणि पाठोपाठ सुस्कारा येतो: हे पैसेवाल्यांचे चोचले, आपल्याला कुठून परवडणार? मधुमेह मात्र कुणाचा पगार बघून येत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा देशातल्या मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर गेल्याचं दिसलं. त्याच पाहणीतून २०२५ साली पुढे आलेली गोष्ट अशी, की आपण भारतीय दिवसभरातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून घेतो, आणि त्यात मोठा वाटा पांढरा तांदूळ, दळलेलं धान्य आणि साखर यांचा आहे.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. हा आहार स्वस्तात जमतो आणि त्यासाठी एकही नवलाईची वस्तू विकत आणावी लागत नाही. मटकी, बेसन, शेंगदाणे, ताक, अंडी, पालेभाजी ही सगळी मंडळी आपल्या घरात आधीपासून आहेत. फक्त ताटात ती तोंडी लावण्यापुरती असतात आणि पोट भरायचं काम भात, पोळी, भाकरी करतात. हे प्रमाण उलटं करायचं, आणि किराणाची यादी करताना किलोच्या भावाऐवजी प्रथिनांचा भाव बघायचा.

आधी हिशेब

दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदकं असतील तर त्याला सर्वसाधारणपणे कमी कर्बोदकांचा आहार म्हणतात. आता आपला एक साधा दिवस मोजू. सकाळी बशीभर पोहे, ५० ग्रॅम. दिवसभरात चार कप चहा, प्रत्येकात दोन छोटे चमचे साखर, ४० ग्रॅम. दुपारी तीन पोळ्या ५५, वाटीभर भात ३८, वरण १५, बटाट्याची भाजी १५. संध्याकाळी चहाबरोबर चार-पाच बिस्किटं, वीसेक ग्रॅम. रात्री दोन भाकऱ्या ८० आणि पुन्हा वाटीभर भात ३८. बेरीज साडेतीनशेच्या घरात जाते. यात गोडधोड काही नाही, कुणाचा वाढदिवस नाही, वडापाव नाही. ज्याला आपण ‘घरचं साधं जेवण’ म्हणतो तेच हे.

इथे भाकरीबद्दल थोडं बोलायला हवं, कारण या बाबतीत घरोघरी गैरसमज आहे. ‘डॉक्टरांनी साखर सांगितली, म्हणून पोळी बंद केली आणि ज्वारीची भाकरी सुरू केली,’ असं सांगणारे तुमच्याही ओळखीचे असतील. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे जे तक्ते प्रसिद्ध केले, त्यांत १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदकं आहेत, गव्हाच्या कणकेत सुमारे ६४, बाजरीत ६२, नाचणीत ६७. म्हणजे उन्नीस-बीसचाच फरक. शिवाय पोळीला पाऊण मूठ कणीक लागते आणि भाकरीला चांगलं ६० ग्रॅम पीठ. एक भाकरी ४० ग्रॅम, एक पोळी १८. दोन पोळ्या सोडून दोन भाकऱ्या खाणारा माणूस कर्बोदकं दुपटीहून जास्त वाढवून बसतो आणि वर ‘मी पथ्य पाळतो’ असं समजतो. भाकरी चांगलीच आहे, तिच्यात चोथा भरपूर आहे, ती कोरडी असल्याने तिच्याबरोबर भाजी-उसळ आपोआप जास्त जाते. पण एक. दोन-तीन नव्हे.

गुळाचंही तसंच. गूळ म्हणजे साखरच आहे, थोडे क्षार असलेली. ‘गुळाचा चहा’ अशी पाटी लावून तो दुप्पट किमतीला विकला जातो, म्हणून काही तो मधुमेहींना चालतो असं नाही. चहातली साखर निम्मी करा, पंधरा दिवसांनी आणखी निम्मी. या बदलाला पैसे लागत नाहीत, उलट महिन्याला किलोभर साखर वाचते.

औषध चालू असेल तर इथे थांबून वाचा

इन्सुलिन घेणाऱ्यांनी, तसंच ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय भात-भाकरी एकदम कमी करू नये. औषधाचा डोस जुन्या जेवणाच्या हिशेबाने ठरलेला असतो. जेवण बदललं आणि डोस तोच राहिला तर साखर धोकादायक खाली जाते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, आणि झोपेत झालं तर घरच्यांना कळतही नाही. डापाग्लिफ्लोझिन आणि त्या जातीच्या गोळ्या आता स्वस्त झाल्यामुळे अनेक घरांत आल्या आहेत. त्या घेत असताना कर्बोदकं फार कमी केली तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना प्रथिनांची मर्यादा असते. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या आया, वाढीच्या वयातली मुलं आणि दिवसभर अंगमेहनत करणारे सडपातळ लोक यांनी हा आहार स्वतःच्या मनाने करायचा नाही. हे वाचून कुणी घाबरू नये. डॉक्टरांना एवढंच विचारायचं, ‘मी रात्रीचा भात बंद करून उसळ-अंडी वाढवणार आहे, गोळी तीच ठेवू का?’

रेशन पुरवून खायचं

कमी उत्पन्नाच्या घरात ताट भाताने भरतं याचं कारण अज्ञान नाही. जे फुकट किंवा स्वस्त मिळतं तेच ताटात येतं. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येकाला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कार्डावर घरटी ३५ किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३ पासून तेही मोफत. ते घेऊ नका असं कोण म्हणेल? उलट त्याचाच आधार घ्यायचा.

माणशी ५ किलो म्हणजे दिवसाला साधारण १६५ ग्रॅम धान्य, आणि त्यातून साधारण ११५ ग्रॅम कर्बोदकं. याचा अर्थ असा, की मोठ्या माणसांना रेशनचं धान्य पुरून उरतं. बऱ्याच घरांत रेशनशिवाय बाजारातून आणखी गहू, ज्वारी, ‘जरा बरा’ तांदूळ, पोहे, रवा, मैदा आणला जातो. तो खर्च आवरला की महिन्याकाठी चारजणांच्या घरात जे काही शे-दोनशे, चारशे सुटतील, ते थेट डाळी-कडधान्य आणि अंड्यांकडे वळवायचे. ज्यांच्याकडे रेशन नाही त्यांनाही हाच नियम. धान्याची ओळ यादीत निम्मी करा, मग कडधान्याची ओळ दुप्पट करायला पैसे कुठून आणायचे हा प्रश्न बराचसा सुटतो.

प्रथिनांचा भाव असा काढायचा. १० ग्रॅम प्रथिनं मिळवायला किती रुपये पडतात? सध्याचे साधारण किरकोळ भाव धरले तर सोयाबीनच्या वड्यांतून तीन रुपये, हरभरा डाळीतून चार-पाच, मटकी किंवा शेंगदाण्यांतून सहा, अंड्यांतून दहा-अकरा, पनीरमधून वीस-बावीस आणि बदामांतून जवळजवळ पन्नास. तुमच्या गावचे भाव थोडे इकडे-तिकडे असतील, पण हा क्रम सहसा बदलत नाही. पनीर सणावारी आणा. बदाम कुणी भेट दिले तर जरूर खा. रोजच्या घराला मात्र वरची पहिली चार-पाच नावंच तारून नेतात.

सोयाबीनची मला खंत वाटते. लातूरची बाजारपेठ सोयाबीनने भरते, मराठवाडा-विदर्भातली शेतंच्या शेतं त्याची, आणि तिथल्याच घरांतल्या ताटात ते औषधालाही सापडत नाही. वड्यांना वास येतो, त्या रबरासारख्या लागतात, ही तक्रार खरी आहे, पण दोष करण्याच्या पद्धतीत आहे. पाणी मीठ घालून उकळवा, वड्या टाका, पाच-सहा मिनिटांनी उपसून गार पाण्यात घाला आणि मुठीत घट्ट पिळा. फेसाळ पाणी निघेल. पुन्हा गार पाण्यात, पुन्हा पिळा. पाणी स्वच्छ निघालं की वास गेला. मग वड्या मिक्सरमधून एकदाच, भरड फिरवा आणि कांदा, आलं-लसूण, टोमॅटो, काळा मसाला घालून खिम्यासारख्या परता. वरून मूठभर मेथी. माणशी २५ ग्रॅम कोरड्या वड्या पुरतात, त्यातून १३ ग्रॅम प्रथिनं मिळतात, म्हणजे दोन अंड्यांएवढी. अख्खं सोयाबीन वापरणार असाल तर ते कच्चं राहता कामा नये; नीट शिजवूनच खावं.

काय रांधायचं

सकाळचा नाश्ता बदलला की निम्मं काम होतं, कारण पोहे, उपमा, शिरा, इडली, साबुदाणा ही सगळी एकाच घराण्यातली. त्यांच्या जागी धिरडं घाला. माणशी ४० ग्रॅम बेसन, त्यात किसलेला दुधी किंवा कोबी पिठाच्या दुप्पट, ओवा, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ. दुधीला पाणी सुटतं म्हणून पीठ आधी घट्टच ठेवा. तवा चांगला तापलेला हवा, नाहीतर धिरडं चिकटतं आणि मग दोष बेसनावर जातो. दोन धिरडी आणि फुलपात्रभर ताक यांत पंचविसेक ग्रॅम कर्बोदकं, आणि दुपारपर्यंत भुकेचं नाव नाही. रोज बेसनाचा कंटाळा येतो, म्हणून मधून मधून भिजवलेल्या हिरव्या मुगाची धिरडी, मोडाच्या मटकीची सुकी उसळ, अंड्याची भुर्जी. पाव बाजूला ठेवायचा.

दुपारच्या डब्यात एक भाकरी किंवा दोन पातळ पोळ्या, दोन वाट्या उसळ, एक मोठी वाटी भाजी, काकडी-कांदा किंवा मुळा. उसळीतही कर्बोदकं असतात हे लक्षात ठेवा. दोन वाट्यांत वीस-बावीस ग्रॅम. पण तिच्यात प्रथिनं आणि चोथा दोन्ही असल्याने साखर भातासारखी झपाट्याने चढत नाही. वरण मात्र फसवं आहे. आपल्याकडचं पातळ वरण म्हणजे डाळ थोडी आणि पाणी जास्त. ते भात गिळायला उपयोगी, पोट भरायला नाही. डाळ खायची तर घट्ट खा, डाळ-पालक करा, वाटली डाळ करा, मेथीत मुगाची डाळ घालून सुकी भाजी करा. कुळथाचं पिठलं कोकणात आहेच. हे कुळीथ, म्हणजेच हुलगे, अनेक ठिकाणी तुरीपेक्षा स्वस्त मिळतात आणि प्रथिनांत तुरीच्या बरोबरीचे आहेत, तरी त्यांना गरिबाचं धान्य म्हणून मागे ठेवलं गेलं. त्यांना पुढे आणा.

पीठ पेरून केलेली भाजी हा प्रकार या आहारासाठी जणू आधीच शोधून ठेवलेला. मेथी, कांद्याची पात, सिमला मिरची, कोबी, काहीही चालतं. भाजी अर्धवट शिजली की माणशी दोन चमचे बेसन वरून भुरभुरायचं, झाकण ठेवून वाफ आणायची. दहा-बारा रुपयांची जुडी चार माणसांना पुरते आणि भाजीला अंग येतं, म्हणजे ती भाकरीशिवायही खाता येते.

शेंगदाणे दुपारच्या चार वाजताच्या भुकेसाठी ठेवा. मूठभर, साधारण ३० ग्रॅम, भाजलेले. सात ग्रॅम प्रथिनं, कर्बोदकं पाचेक ग्रॅम. यासमोर बिस्किटाचा पुडा कुठल्याच अंगाने टिकत नाही. दाणे निवडून घ्या. काळपट, बुरशीचा वास येणारे, कडू लागणारे दाणे टाकूनच द्यायचे, तिथे काटकसर नको. जवस, कारळे, तीळ यांच्या चटण्या रोज चमचा-दोन चमचे जेवणात असाव्यात. धान्य कमी केल्यावर पोट साफ न होण्याची तक्रार येते, तिला जवसाची चटणी आणि भरपूर पाणी हा चांगला उतारा आहे.

मांसाहार चालणाऱ्यांना सोपं जातं. रात्रीच्या जेवणात दोन अंड्यांचा रस्सा, वाडगाभर भाजी, एक पोळी. किनारपट्टीला पावसाळ्यानंतर बांगडा आणि तारली मुबलक येतात तेव्हा त्या खाव्यात; पापलेट-सुरमईच्या मागे लागण्यात आहाराचा काही फायदा नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा सुकट, जवळा, सुके बोंबील. ते कोमट पाण्यात भिजवून दोनदा धुवा, म्हणजे मीठ उतरतं. रक्तदाब असलेल्यांनी तरीही बेतानेच खावेत.

असा एक दिवस मांडला तर, म्हणजे धिरडी-ताक, भाकरी-उसळ-भाजी, शेंगदाणे, अंड्यांचा रस्सा, पोळी, दोन कप बिनसाखरेचा किंवा अगदी कमी साखरेचा चहा, कर्बोदकं १३०च्या आसपास येतात, प्रथिनं ५५ ग्रॅमच्या वर जातात आणि खर्च माणशी ७० ते ८० रुपये. अंड्यांऐवजी सोयाबीनच्या वड्या घातल्या तर दहा रुपये आणखी कमी.

भाजीचा खर्च

यादीत सगळ्यात जास्त फुगते ती भाजीची ओळ, कारण माणशी पाव किलोऐवजी आता जवळजवळ अर्धा किलो लागते. इथे हंगाम पाळणं हाच उपाय. थंडीत कोबी, फ्लॉवर, मुळा, मेथी, पालक, वांगी. उन्हाळ्यात दुधी, दोडका, काकडी. पावसाळ्यात शेतातल्या भाज्या महाग होतात, पण सह्याद्रीच्या पायथ्याच्या बाजारांत टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी अशा रानभाज्या घेऊन बायका बसतात. वाटा घ्या आणि कशी करायची तेही त्यांनाच विचारा. शेवळं घेतली तर सोबत काकडं ही आंबट फळं घ्यायला विसरू नका, नाहीतर घसा खाजतो. बाजार उठता उठता गेलात तर वाटा मोठा होतो, हे काही वेगळं सांगायला नको.

आणि जे फेकतो ते फेकू नका. मुळ्याचा पाला मुळ्याहून गुणी आहे, पीठ पेरून उत्तम होतो. फ्लॉवरचे कोवळे दांडे बारीक चिरून भाजीत घाला. दोडक्याच्या शिरा तेलावर कुरकुरीत परता, तीळ, सुकं खोबरं, लसूण, लाल तिखट, मीठ घालून कुटा. आठवडाभर टिकणारी चटणी होते. शेवग्याचं झाड सोसायटीत किंवा बांधावर असेल तर पाला फुकटच.

फळांत पेरू घ्या. केळं, चिकू, आंबा यांची फोड चाखावी, पोटभर खाऊ नये.

‘डायबेटिक आटा’, ‘मल्टिग्रेन’, ‘शुगर फ्री’ बिस्किटं यांवर एक रुपयाही घालवू नका. बिस्किटातली साखर काढली तरी मैदा राहतोच. पीठ वेगळं विकत घेण्याऐवजी गिरणीवर नऊ किलो गव्हात एक किलो हरभरे किंवा भाजलेलं सोयाबीन घालून दळून आणा.

उपास आणि पंगत

एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण साबुदाण्यानेच खरी करून दाखवली. बशीभर खिचडीत साठेक ग्रॅम कर्बोदकं असतात आणि साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ शून्य. उपास सोडा असं मी म्हणणार नाही, तो श्रद्धेचा भाग आहे. त्या दिवशी वाडगाभर दाण्याची आमटी, तिच्यात डावभर भगर, काकडीची कोशिंबीर दाण्याचं कूट घालून, दही, ताक. उपासही होतो आणि डोकंही दुखत नाही. लग्नाच्या पंगतीत भाजी, कोशिंबीर, मठ्ठा आधी घ्या, भात शेवटी दोन घास. यजमानाला वाईट वाटत नाही, ताटात काय आहे हे कुणी मोजत बसत नाही.

डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारातून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी लोकप्रिय केलेली दोन वेळा, ५५ मिनिटांत जेवण्याची पद्धत बरेचजण पाळतात. त्यांनीही लक्षात ठेवावं, की किती वेळा खायचं याचं उत्तर मिळालं तरी काय खायचं हा प्रश्न उरतोच. दोनच जेवणांत चार भाकऱ्या आणि भात गेला तर कर्बोदकं कमी झाली असं होत नाही.

एक गोष्ट घरातल्या पुरुषांसाठी. उसळ दोन वाट्या खायचं ठरलं की ती आधी जेवणाऱ्यांच्या ताटात जाते. शेवटी बसणाऱ्या बाईच्या वाट्याला कढईला लागलेला रस्सा आणि उरलेल्या पोळ्या येतात, आणि घरातला कर्बोदकांचा सगळा भार तीच खाते. तिलाही मधुमेह होतो, तिलाही प्रथिनं लागतात. उसळ, अंडी, भाजी जेवायला बसण्याआधीच सगळ्यांच्या वाट्यांत सारखी वाढून ठेवा, तिची वाटी झाकून बाजूला. शक्यतो एकत्रच बसा.

सुरुवात आणि तपासणी

सगळं एकदम बदलू नका. पहिल्या आठवड्यात फक्त रात्रीचा भात बंद आणि त्या जागी भाजी दुप्पट. दुसऱ्या आठवड्यात नाश्ता. तिसऱ्यात चहाची साखर आणि बिस्किटं. मग दुपारची भाकरी एकावर. पहिले काही दिवस डोकं जड होतं, मरगळ येते. पाणी आणि ताक वाढवा, पोट उपाशी ठेवू नका. भूक राहिली तर दाणे खा, अंडं खा, भाजी आणखी घ्या. वजन कमी करायची गरज नसेल तर दाणे, तीळ आणि जेवणातलं तेल थोडं सैल हातानेच असू द्या, नाहीतर अशक्तपणा येईल.

घरात ग्लुकोमीटर असला तरी पट्ट्या महाग पडतात, म्हणून त्या सकाळ-संध्याकाळ उगाच वापरू नका. एखाद्या दिवशी नेहमीचं जेवण, दोन भाकऱ्या आणि भात, जेवणाआधी एक आणि पहिला घास घेतल्यापासून बरोबर दोन तासांनी एक पट्टी. दोन-तीन दिवसांनी त्याच वेळी एक भाकरी, दोन वाट्या उसळ, मोठी वाटी भाजी, आणि पुन्हा तशाच दोन पट्ट्या. चार पट्ट्यांत तुमच्या शरीराला कुठलं ताट मानवतं ते कळतं. हे आकडे तारीख आणि जेवणासकट वहीत लिहा आणि तीन महिन्यांनी एचबीए१सीचा, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, रिपोर्ट घ्याल त्याबरोबर डॉक्टरांपुढे ठेवा, कारण गोळी कमी करायची की नाही हे ठरवायला त्यांना या नोंदींचाच उपयोग होतो.